एकाच दुधाची फॅट ६ टक्के, १८ टक्के आणि ६२ टक्के कशी?

कोल्हापूर जिल्ह्यात फॅट म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहाटे किटली घेऊन डेअरीला दूध घालायला गेलेला माणूस परत आला की घरातून पहिला प्रश्न येतो, "आज फॅट किती लागली?" लागली ६.८ तर म्हशीच्या पाठीवर हात फिरतो. लागली ५.७ तर पेंड बदलली का, वैरण ओली होती का, रेडकाला जास्त पाजलं का, याची चौकशी सुरू होते. दुधाचं बिल त्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे दशांशानंतरचा एक आकडाही इथे कुणी सोडत नाही.

त्याच घरात संध्याकाळी शेवेचं किंवा बिस्किटाचं पाकीट फुटतं, तेव्हा त्याच्या पाठीवरचा तक्ता मात्र कुणी बघत नाही. बघितला तर समजत नाही. 'टोटल फॅट ३८ ग्रॅम', शेजारच्या रकान्यात '१७ टक्के', पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'शून्य ट्रान्स फॅट', आणि दुसऱ्याच एखाद्या पाकिटावर 'लो फॅट'. यातला कुठला टक्का कुणाचा? डेअरीतल्या ६.८ शी याचं काही नातं आहे का?

हा प्रश्न सध्या देशपातळीवरही गाजतो आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशातल्या खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या प्राधिकरणानं, पदार्थ किती आरोग्यदायी हे सांगणारे तारे पाकिटाच्या दर्शनी बाजूला देण्याचा मसुदा काढला. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड (साध्या तापमानाला गोठायला बघणाऱ्या) फॅटचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर्शनी बाजूच्या इशाऱ्याबद्दल तज्ज्ञ समितीच्या शिफारशी वेळेत द्या असं बजावलं. तारे येवोत की ठळक अक्षरं येवोत, पाठीवरचा तक्ता वाचता येत असेल तर आपल्याला कुणाची वाट बघावी लागणार नाही. आणि तो वाचायला एकच सवय लागते: टक्का दिसला की "कशाच्या?" असं विचारायचं.

पहिला टक्का: वजनातला

डेअरीतला टक्का सगळ्यांत सरळ आहे. १०० ग्रॅम दुधात ६ ग्रॅम फॅट असेल तर फॅट ६ टक्के. पूर्वी हे मोजायला काचेची लांब मानेची नळी असायची. तिच्यात गंधकाम्ल, मोजून घेतलेलं दूध आणि थोडं अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात गरगर फिरवायची. आम्ल दुधातलं बाकीचं सगळं विरघळवतं, फॅट तेवढी वर येऊन मानेत साठते आणि तिथल्या रेघांवर टक्का वाचता येतो. आता बटण दाबलं की यंत्र आकडा दाखवतं, पण मोजलं जातं ते तेच.

फॅटच्या शेजारी आपल्याकडे एसएनएफ लिहितात, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियमसारखे क्षार. म्हशीच्या दुधाचा दर काढताना पाया धरतात तो ६.० फॅट आणि ९.० एसएनएफचा. दोन्हींची बेरीज १५. उरलेले ८५ टक्के पाणी. फॅटचा टक्का लहान दिसतो तो या पाण्यामुळे, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

पाकिटावर जिथे 'दर १०० ग्रॅम' किंवा 'दर १०० मिलि' असा रकाना असतो तिथला ग्रॅमचा आकडा म्हणजे हाच डेअरीतला टक्का. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ३८ ग्रॅम फॅट लिहिली असेल तर डेअरीच्या भाषेत त्या शेवेला '३८ फॅट लागली'. पिशवीतल्या दुधालाही हेच माप आहे. नियमानं फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट हवी, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोण्डमध्ये ३, डबल टोण्डमध्ये १.५, आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त ०.५.

दुसरा टक्का: कॅलरीतला

आता तेच ६ टक्क्यांचं दूध शरीराला ऊर्जा किती देतं ते बघू. कॅलरी हे ऊर्जेचं माप. एक ग्रॅम फॅट ९ कॅलरी देते. एक ग्रॅम प्रथिन किंवा एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ, त्यात साखरही आली, ४ कॅलरी देतो. पाणी काहीच देत नाही.

१०० मिलि फुल क्रीम दुधात साधारण ६ ग्रॅम फॅट, सव्वातीन ग्रॅम प्रथिनं आणि ५ ग्रॅम साखर असते. फॅटच्या कॅलरी ५४, प्रथिनांच्या १३, साखरेच्या २०. एकूण ८७. त्यातल्या ५४ फॅटच्या, म्हणजे ६२ टक्के. वजनानं ६ टक्के असलेली फॅट ऊर्जेत ६२ टक्के निघाली. दूध तेच, म्हैस तीच.

हे पटायला जड जातं म्हणून शेतातलं उदाहरण घेऊ. एका एकरात ३६ गुंठे ऊस आहे आणि ४ गुंठ्यांवर ढबू मिरची. समजा वर्षाच्या शेवटी दोन्हींचे पैसे सारखेच आले. जमिनीच्या हिशोबानं ढबू १० टक्के, उत्पन्नाच्या हिशोबानं ५० टक्के. सातबारा बघणारा एक आकडा सांगेल, पासबुक बघणारा दुसरा सांगेल, आणि दोघंही खरं बोलत असतील. दुधात फॅट हे ढबूचं रान आहे: जागा थोडी, उत्पन्न मोठं. पाणी म्हणजे पडीक जमीन.

कॅलरीतला हा टक्का भारतातल्या पाकिटावर सहसा छापलेला नसतो, पण आहारतज्ज्ञ बोलतात तेव्हा बहुतेक वेळा याच टक्क्यानं बोलतात. 'दिवसाच्या ऊर्जेत फॅटचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असावा' असं वाचून एखाद्याला वाटतं, माझ्या दुधात तर सहाच टक्के आहे, मग घाबरायचं कशाला! दोन वेगळी मापं एकमेकांवर ठेवली की असा घोळ होतो. तपासायचं असेल तर पाकिटावरच्या फॅटच्या ग्रॅमला ९ नं गुणायचं आणि शेजारच्या एकूण कॅलरींनी भागायचं. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे.

तिसरा टक्का: दिवसाच्या हिशोबातला

पाकिटावर प्रत्यक्ष छापलेला टक्का हा तिसरा. त्या रकान्यावर 'आरडीए' असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसभरासाठी शिफारस केलेलं प्रमाण. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत हे प्रमाण सरासरी प्रौढ माणसासाठी असं धरलं आहे: ऊर्जा २००० कॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट (मुख्यतः पातळ तेल घट्ट करताना तयार होणारी) २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ.

हे ६७ आणि २२ कुठून आले? २००० कॅलरींचे ३० टक्के म्हणजे ६००. ते ९ नं भागले की ६७ ग्रॅम. १० टक्के म्हणजे २००, ते ९ नं भागले की २२ ग्रॅम. ट्रान्स फॅट एका टक्क्याच्या आसपास ठेवली की २ ग्रॅम. म्हणजे दुसऱ्या टक्क्यातूनच तिसरा टक्का जन्माला आला आहे.

फुल क्रीम दुधाचा २०० मिलिचा पेला घेतला तर त्यात १२ ग्रॅम फॅट. १२ भागिले ६७ म्हणजे १८ टक्के. शीर्षकातले तिन्ही आकडे इथे पूर्ण झाले: वजनात ६, दिवसाच्या हिशोबात १८, कॅलरीत ६२.

इथे एक गैरसमज फार होतो. आरडीए म्हटलं की तेवढं पोटात गेलंच पाहिजे असं वाटतं. प्रथिनांच्या बाबतीत ते बरोबर आहे, तेवढी मिळालीच पाहिजेत. सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, साखर आणि सोडियम यांच्या पुढचा आकडा मात्र वरची मर्यादा आहे. एकूण फॅटचे ६७ ग्रॅमही मर्यादेकडेच झुकतात. 'सॅच्युरेटेड फॅट १९ टक्के' याचा अर्थ दिवसभराच्या मर्यादेतली जवळजवळ पंचमांश जागा एका खाण्यात गेली.

'एक सर्व्हिंग' म्हणजे किती?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

छापलेला आरडीएचा टक्का पाकिटाचा नसतो आणि १०० ग्रॅमचाही नसतो. तो एका सर्व्हिंगचा असतो, म्हणजे एकदा खाण्यासाठी धरलेल्या मापाचा, आणि ते माप बहुतेक वेळा उत्पादकच ठरवतो. समजा २०० ग्रॅमचं शेवेचं पाकीट आहे आणि त्यावर सर्व्हिंग ३० ग्रॅमचं लिहिलं आहे. १०० ग्रॅममध्ये फॅट ३८ ग्रॅम, त्यातली सॅच्युरेटेड १४ ग्रॅम, कॅलरी ५६०. एका सर्व्हिंगमध्ये फॅट आली ११.४ ग्रॅम. टक्का छापला जाईल १७. वाचणाऱ्याला वाटतं, सतराच तर आहे.

आता ३० ग्रॅम शेव वाटीत घालून बघा. खरंच वजन करून बघा, घरात काटा नसेल तर वाण्याकडून ३० ग्रॅम मोजून आणा. दोन-तीन मुठींत संपते. रंकाळ्यावर संध्याकाळी दोघांनी मिळून असं पाकीट संपवलं तर प्रत्येकाच्या पोटात १०० ग्रॅम गेले: फॅट मर्यादेच्या ५७ टक्के, सॅच्युरेटेड ६४ टक्के. क्रिकेटची मॅच बघत एकट्यानं पाकीट संपवलं तर फॅट ७६ ग्रॅम, मर्यादेच्या ११३ टक्के, आणि सॅच्युरेटेड १२७ टक्के. रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे. पाकिटावर मात्र शेवटपर्यंत १७ टक्केच छापलेलं राहतं.

मला हे मनापासून खटकतं. आकडा खोटा नाही, नियमात बसणारा आहे, पण ज्या मापानं कुणीच खात नाही त्या मापाचा आहे. आपल्या हातात एवढंच आहे की छापलेल्या टक्क्याला आपण खाल्लेल्या सर्व्हिंगच्या संख्येनं गुणायचं. आणि दोन कंपन्यांच्या पदार्थांची तुलना करताना टक्क्याकडे बघायचंच नाही, १०० ग्रॅमच्या रकान्याकडे बघायचं. एकानं सर्व्हिंग २० ग्रॅमचं धरलं आणि दुसऱ्यानं ४० चं, तर पहिल्याचा टक्का आपोआप निम्मा दिसतो.

टक्का लहान म्हणजे पदार्थ चांगला?

सारख्या पदार्थांत तुलना करत असाल तर बऱ्याच अंशी हो. शेवेशी शेव, बिस्किटाशी बिस्कीट, दुधाशी दूध. दुधाशी शेव लावलीत तर नाही, कारण दुधातलं ८५ टक्के पाणी त्याचा टक्का खाली ओढतं.

पनीरचं उदाहरण बघण्यासारखं आहे. नियमात पनीरची फॅट त्यातलं पाणी वगळून मोजतात: कोरड्या भागात किमान ५० टक्के. पाणी मात्र ६० टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये ६० ग्रॅम पाणी असेल तर कोरडा भाग ४० ग्रॅम आणि त्याच्या निम्मी, २० ग्रॅम फॅट. कुणी '५० टक्के' म्हणेल, कुणी '२० टक्के', आणि दोघंही एकाच तुकड्याबद्दल बोलत असतील.

'लो फॅट' आणि 'फॅट फ्री' हे शब्द मात्र कंपनीला मनानं वापरता येत नाहीत. २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नसेल तरच 'लो फॅट' लिहिता येतं. द्रव पदार्थाला ही मर्यादा १०० मिलिला १.५ ग्रॅम. 'फॅट फ्री' साठी ०.५ ग्रॅम. त्यामुळे डबल टोण्ड दूध 'लो फॅट'च्या उंबरठ्यावर आहे आणि टोण्ड त्यात बसत नाही.

पण फॅट नाही म्हणजे कॅलरी नाहीत असं नव्हे. आपल्या कोल्हापुरी गुळाइतकं चांगलं उदाहरण नाही. गुळात फॅट जवळजवळ शून्य. उद्या कुणी ढेपेवर 'फॅट फ्री' असा कागद चिकटवला तर ते खरंच असेल. तरी १०० ग्रॅम गुळात ३७५ च्या आसपास कॅलरी असतात, आणि मधुमेह असलेल्या माणसाला त्या कागदाचा काही उपयोग नाही. फॅट कमी केलेल्या दह्यात, आइस्क्रीममध्ये, बिस्किटात चव टिकवायला साखर वाढवलेली असू शकते. म्हणून फॅटची ओळ वाचली की खालची साखरेची ओळ वाचल्याशिवाय पाकीट खाली ठेवू नका. उलट बाजूनं शेंगदाणे बघा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ ४८ ग्रॅम फॅट असते, पण पंचवीसेक ग्रॅम प्रथिनंही असतात आणि फॅटमधली बहुतेक असंतृप्त, म्हणजे सॅच्युरेटेड नसलेली, असते. मूठभर दाणे खाणाऱ्याला नुसता ४८ चा आकडा दाखवून घाबरवणं चुकीचं आहे.

"टोण्ड दूध म्हणजे पाणी घातलेलंच की!"

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून घेतलेलं फेसाळ दूध प्यायलेल्या माणसाला पिशवीतलं टोण्ड दूध पातळ लागणारच. त्यातून ही शंका येते. टोण्ड दूध तयार करताना पाणी वापरलं जाऊ शकतं हे खरं आहे, पण त्यासोबत स्किम्ड दुधाची पावडरही घालावी लागते, कारण एसएनएफ ८.५ टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. डबल टोण्डला तर ९.० हवी, म्हणजे फुल क्रीमएवढीच. प्रथिनं आणि कॅल्शियम एसएनएफमध्ये असतात, फॅटमध्ये नाही. भेसळीच्या पाण्यानं फॅट आणि एसएनएफ दोन्ही पडतात, टोण्डमध्ये ठरवून फक्त फॅट उतरवलेली असते.

ही कल्पना आपल्या राज्यातली आहे. मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधाची फॅट उतरवून तेच दूध जास्त लोकांना परवडेल असं केलं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. योगायोग असा की आपल्या जिल्ह्यातला गोकुळ दूध संघही १९६३ चाच.

फरक किती पडतो? फुल क्रीमच्या १०० मिलिमध्ये ८७ कॅलरी, टोण्डमध्ये साधारण ५९, डबल टोण्डमध्ये ४७. टोण्डमध्ये फॅट निम्मी झाली तरी कॅलरी एकतृतीयांशच घटल्या, कारण साखर आणि प्रथिनं तशीच राहिली. दिवसाला एक कप चहा पिणाऱ्यानं दूध बदलून फारसं काही होणार नाही. रोज अर्धा लिटर दूध पिणाऱ्याला मात्र १५ ग्रॅम फॅटचा फरक पडतो. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला फॅट उतरवलेलं दूध देऊ नका. त्या वयात वाढीसाठी फॅट लागते, हे सगळे आकडे मोठ्यांचे आहेत.

सॅच्युरेटेड, ट्रान्स आणि 'कोलेस्टेरॉल फ्री'

एकूण फॅटच्या ओळीखाली तिचे प्रकार लिहिलेले असतात. सॅच्युरेटेड म्हणजे संतृप्त फॅट, जी साध्या तापमानाला गोठायला बघते. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत ती जास्त. ती जास्त झाली तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून तिला वेगळी मर्यादा. दुधातल्या फॅटचा साठ टक्क्यांहून अधिक भाग सॅच्युरेटेड असतो, पामतेलाचा निम्म्याच्या आसपास, शेंगतेलाचा पाचव्या हिश्श्याच्या आत. घटकांच्या यादीत 'पामोलिन' दिसलं तर सॅच्युरेटेडची ओळ मुद्दाम वाचा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे तेल दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर अंदाज तिथेच येतो.

ट्रान्स फॅट मुख्यतः पातळ तेल घट्ट करताना तयार होते. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं वनस्पती तूप हे त्याचं ओळखीचं रूप. सकाळच्या चहाबरोबरच्या खारीचे पापुद्रे सुटतात ते पिठात घातलेल्या घट्ट फॅटच्या थरांमुळे, म्हणून बेकरीच्या मालात हा प्रश्न जास्त. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांपर्यंतच चालते. इथेही विचारायचंच, कशाच्या २ टक्के? पदार्थाच्या नाही, पदार्थातल्या फॅटच्या. १०० ग्रॅम बिस्किटात २० ग्रॅम फॅट असेल तर मर्यादा ०.४ ग्रॅम. आणि 'ट्रान्स फॅट फ्री' छापायचं असेल तर १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी हवी. म्हणजे 'फ्री' याचा अर्थ काटेकोर शून्य असेलच असं नाही. दूध-तुपातही निसर्गतःच थोडी ट्रान्स फॅट असते, हेही जाता जाता सांगतो.

तेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' मुळे काही कळत नाही. वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. ते तेल तरीही १०० टक्के फॅटच असतं, आणि एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी.

"आमच्या आज्यानं तूप ओरपलं आणि नव्वद वर्षं जगला"

हा मुद्दा कोल्हापुरात हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तालमीत पहाटे जोर-बैठका काढून, आखाड्यात घाम गाळून बदामाची थंडाई आणि दूध पिणाऱ्या पैलवानाला ६७ ग्रॅमची चौकट लागू नाही. ती २००० कॅलरींच्या माणसासाठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज ३४७० कॅलरी धरली आहे आणि बैठं काम करणाऱ्या स्त्रीची १६६०. त्याच ३० टक्क्यांच्या हिशोबानं त्या पुरुषाची मर्यादा ११६ ग्रॅम होते आणि त्या स्त्रीची ५५. दुधाच्या त्याच एका पेल्यातली १२ ग्रॅम फॅट त्याच्यासाठी १० टक्के आणि तिच्यासाठी २२ टक्के.

आजोबांनी दिवसभर नांगर धरला, चालत बाजार गाठला, आणि त्यांच्या घरात पाकिटातली शेव नव्हती. आज दुकानात नाहीतर ऑफिसात दहा तास बसून त्यांच्याएवढंच तूप आणि वर शेव-चिवडा खाल्ला तर आकडे बदलणारच. फॅट टाळावी असं यातून निघत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला फॅट लागते, काही आवश्यक स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही. भाकरीवर चमचाभर तूप घालणाऱ्याला मी कधीच थांबवणार नाही.

मिसळीला लेबल नसतं, तेव्हा?

आपण खातो त्यातलं बरंचसं पाकिटात येतच नाही. मिसळीचा कट, तांबड्या रश्श्यावरचा तवंग, वाण्याकडची सुटी शेव, घरचा चिवडा, भडंग. यांच्या पाठीवर तक्ता नाही. कुरमुरे स्वतः जवळजवळ बिनफॅटचे, पण भडंगाची फोडणी किती सढळ पडली हे फक्त करणाऱ्याला माहीत.

अशा वेळी पदार्थ मोजण्यापेक्षा तेल मोजणं सोपं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी वरून वापरायचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. मघाच्या ६७ शी हे भांडत नाही: उरलेली फॅट दूध, दाणे, डाळी, धान्य, अंडी-मटण यांतून न दिसता येतच असते. २७ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे, आणि त्यात तूप, लोणी, तळणीतून पुरीत गेलेलं तेल, सगळं आलं.

महिन्याला माणशी ८१० ग्रॅम. चौघांच्या घराला सव्वातीन किलोच्या जवळपास. लक्ष्मीपुरीतून १५ किलोचा तेलाचा डबा आणत असाल तर झाकणावर तारीख लिहा. या हिशोबानं तूप-लोणी मुळीच न वापरता तो साडेचार महिन्यांच्या आसपास पुरायला हवा. दोन-अडीच महिन्यांत डब्याचा तळ दिसत असेल, तर माणशी रोज ५० ते ६२ ग्रॅमच्या आसपास तेल जातंय, आणि बाहेर खाल्लेल्या मिसळीचं, वड्याचं तेल त्यात अजून धरलेलं नाही.